गाजरगवत, ऊन आणि पेटलेली त्वचा

पापण्या, मानेची मागची बाजू, सदऱ्याच्या उघड्या गळ्याखालचा त्रिकोण आणि कोपराची खोबण एवढ्याच जागी खाज उठून कातडी जाड व काळपट होत असेल, तर ती केवळ 'उष्णता' समजून सब्जा पीत बसू नये. मराठवाड्यातील बांधाबांधांवर माजलेल्या गाजरगवताची ॲलर्जी हे त्याचे नेहमीचे कारण असून, पुढे काही रुग्णांची त्वचा उन्हालाही तितकीच चिडते. माझे तसेच झाले.

प्रथम त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी नेमकी कशाची हे पाहणारी त्वचेची चाचणी, करून घ्यावी. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि तोवर पाठीला पाणी लागू द्यायचे नसते. औषध दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी, खाज आणि गजकर्ण दोन्हींवर चालणारी म्हणून दिलेली, स्टेरॉइड मिसळलेली मिश्र मलमे मी दोन वर्षे चेहऱ्याला चोळली, परिणामी गालांची त्वचा कागदासारखी पातळ झाली. स्टेरॉइड मलम वाईट नव्हे, परंतु चेहऱ्यासाठी सौम्य, हातांसाठी तीव्र आणि ठरावीक दिवसच, हा हिशेब डॉक्टरांनीच मांडावा. आजार चिवट असल्यास शरीराची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या देतात. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि रक्तपेशी व यकृताच्या तपासण्या चुकवून चालत नाही.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत गवत उपटण्याचे किंवा पेटवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा व रुमाल वापरावा, आणि कपडे अंगणातील दोरीवर न वाळवता घरात वाळवावेत, कारण गवताचे वाळलेले कण वाऱ्याने त्यांवरच येऊन बसतात.