‘काम उरतं, म्हणजे मीच कमी पडतो’

समुपदेशनासाठी येणाऱ्या पोलीस कुटुंबांशी बोलताना एक वाक्य मला इतक्या वेळा ऐकू येते, की त्यावर स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटले: “काम संपतच नाही, मॅडम. बहुधा मलाच आता झेपत नाही.” हे सांगणारा अंमलदार कधी तिशीतला असतो, कधी निवृत्तीला टेकलेला, पण प्रश्न मनुष्यबळाचा असू शकतो, ही शक्यता तो सर्वांत शेवटी विचारात घेतो.

मुंबईच्या उपनगरातील एका पोलीस ठाण्यात नेमणुकीस असलेले एक हवालदार पत्नीच्या आग्रहामुळे माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) झोप उडाली होती, रक्तदाब वाढला होता आणि मुलाशी अबोला होता. मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. पोलीस दलाच्या आकडेवारीचा अभ्यास करताना तो एकदा जेवणाच्या वेळी म्हणाला होता, “बाबा, लोकसंख्येच्या प्रमाणात मुंबईत राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षा जास्त पोलीस आहेत. मग माणसं कमी आहेत असं का म्हणता?” वडील ताटावरून उठले, आणि तेव्हापासून घरातला संवादच खुंटला.

मी त्यांना विचारले, “त्याच्या बोलण्यात तुम्हाला काय ऐकू आलं?”

“कामचुकार.”

“हा शब्द त्याने वापरला?”

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “नाही. माझ्याच मनात होता तो, आधीपासून.”

घटनेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक त्रास आपण त्या घटनेला दिलेल्या अर्थामुळे होतो, असे मी मानते. मात्र केवळ धीर देऊन तो अर्थ पुसला जात नाही, तो वस्तुस्थितीवर घासून पाहावा लागतो. म्हणून मी मुलालाही बोलावले आणि दोघांना एकच काम दिले: गोपनीय काहीही न सांगता, प्रत्येक पाळीला ठाण्यात प्रत्यक्ष किती जण होते आणि बाकीचे कोणत्या कामावर गेले होते, एवढेच वडिलांनी सांगायचे आणि मुलाने लिहायचे.

पुढच्या भेटीत मुलाने टेबलावर वही उघडली. न्यायालयातील हजेरी, समन्स-वॉरंटची बजावणी, आरोपीची वैद्यकीय तपासणी, रुग्णालयातील पहारा, व्हीआयपी बंदोबस्त, दुसऱ्या कार्यालयाशी संलग्न, प्रशिक्षण, आजारपणाची रजा असे रकाने त्याने नीटनेटके आखले होते. एका रात्रपाळीवर त्याचे बोट थांबले. त्या रात्री घरफोडीचा पंचनामा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक असल्याने हवालदार एका हाताने मोबाइल धरून मुद्देमाल मोजत होते. सोबतचा अंमलदार आरोपीला घेऊन रुग्णालयात गेला होता, आणि तेवढ्यात हाणामारीचा कॉल आला होता.

“बाबा, हे काम किती जणांचं होतं?”

हवालदारांनी वही स्वतःकडे ओढून ते पान पुन्हा वाचले. “तिघांचं,” ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, “म्हणजे मी हळू झालेलो नाही.”

मुलाने त्यावर काहीच वाद घातला नाही. कित्येक वर्षे स्वतःविरुद्ध चालवलेला खटला एका माणसाने माझ्यासमोर स्वतःच मागे घेतला होता, आणि तो पुरावा त्याच्या मुलाने आणला होता, याचे समाधान मला आजही आहे. त्या दिवशी मला जे उमगले, ते मी त्यानंतर अनेक कुटुंबांना सांगितले आहे: कागदावर रिक्त पद दिसते, परंतु त्या पदाचे काम हजर असलेल्याच्या टेबलावर येऊन पडते, आणि त्यावर कोणाचेही नाव नसल्यामुळे तो ते आपलेच समजतो.

मुलाचा आकडाही खोटा नव्हता. तो निवासी लोकसंख्येवर काढलेला असतो. लोकलने रोज शहरात येणारे लाखो लोक, आझाद मैदानावरील मोर्चे आणि गणेशोत्सवाचा बंदोबस्त त्यात दिसत नाही. शिवाय मंजूर पदे, भरलेली पदे आणि पाळीला हजर असलेली माणसे हे तीन वेगळे आकडे आहेत. वाद घालताना आपण कोणता आकडा धरला आहे, हे आधी सांगावे. कामाच्या तासांविषयी तर फारसा वाद उरलेला नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थांच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालात पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा आढळला. याला पर्याय नाही, असेही नाही. दत्तात्रय पडसलगीकर मुंबईचे पोलीस आयुक्त असताना २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, आणि त्याची कल्पना त्याच ठाण्यातील एका शिपायाची होती.

ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांनी महिनाभर अशी वही जरूर ठेवावी. साप्ताहिक सुट्टी बुडाली की तारीख लिहावी आणि वरिष्ठांशी बोलताना थकव्याच्या तक्रारीऐवजी ती नोंद पुढे ठेवावी. रात्रपाळीनंतरची झोप घरच्यांनी दिवसाच्या कामांसाठी मोडू नये, आणि माणूस घरात पाऊल ठेवतो त्या पहिल्या अर्ध्या तासात दलाविषयीची चर्चा काढू नये. मात्र दारू वाढली, झोप आठवडेच्या आठवडे येईना, किंवा ‘सुटलो तर बरं’ अशी भाषा ऐकू येऊ लागली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, अहोरात्र चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते.