एअरलाइनसाठी आधी एअर फोर्स?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. पायलट व्हायचं म्हणते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे लूम आहेत. अमेरिकेतले माझे मेहुणे म्हणतात, एअरलाइनवाले मिलिटरीचे पायलट आधी घेतात. पोरीला एनडीएला, म्हणजे सैन्यदलाच्या अकादमीत घाला, बिनखर्चात शिकेल आणि पुढे एअरलाइनला जाईल. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी पाठवायचं तर शेड गहाण टाकावी लागेल. काय करावं?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून असे प्रश्न वाढलेत. मला त्याचा आनंद आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेहुण्यांचं म्हणणं अमेरिकेपुरतं खरं आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ एक प्रवासी विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून तिथे एअरलाइनच्या को-पायलटलाही १५०० तास उड्डाणाचा अनुभव सक्तीचा झाला. मिलिटरीतून आलेल्याला मात्र ७५० तासांवर सवलतीचं लायसन्स मिळतं. म्हणजे निम्म्यावर काम भागतं. (बफेलोच्या त्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वरच होते. नुसते तास मोजून माणूस कळत नाही, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.)

आपल्याकडचं गणित वेगळं. डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचं सीपीएल २०० तासांवर मिळतं. त्यावर ए-३२० किंवा एटीआरसारख्या एका विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान चालवायची खास परवानगी, झालं की को-पायलटच्या खुर्चीत बसता येतं. १५०० तास लागतात ते एटीपीएल या वरच्या लायसन्सला, म्हणजे पुढे कॅप्टन होताना. भरतीच्या वेळी लेखी परीक्षा, संगणकावरची चाचणी, सिम्युलेटर (विमानाची हुबेहूब नक्कल करणारं यंत्र) आणि मुलाखत यांतून मिलिटरीवाला आणि सिव्हिलवाला, दोघांनाही जावं लागतं.

मी एअर फोर्समध्ये एएन-३२ हे ट्रान्सपोर्ट विमान चालवलं आणि नंतर एअरलाइनमध्ये ए-३२० वर आलो. छातीवर विंग्ज, म्हणजे एअर फोर्सच्या पायलटचा बिल्ला असला तरी डीजीसीएचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. आणि एअरलाइनमध्ये सीनियॉरिटी रुजू झाल्या दिवसापासून धरतात. माझ्याआधी लागलेली पंचविशीतली मुलं माझ्यापुढे होती, आणि ते योग्यच होतं. त्यांनी ती जागा कमावली होती.

मुलाखतीला बसणारे दोघांकडे वेगवेगळ्या शंकेने बघतात. फ्लाइंग क्लबमधून आलेल्या मुलाबद्दल विचार असतो, खराब हवेत, काहीतरी बिघडलेलं असताना याचं डोकं शांत राहील का? फायटरवाल्याबद्दल विचार असतो, हा शेजारच्याचं ऐकेल का? फायटरमध्ये बहुतेक वेळा माणूस एकटा असतो. ट्रान्सपोर्टवाल्यांना शेजारी को-पायलट असण्याची सवय असते, त्यामुळे आम्हाला हा बदल थोडा सोपा गेला.

सिम्युलेटरमधलं एक उदाहरण देतो. ए-३२० मध्ये इंजिनाला आग लागल्याचा इशारा येतो. विमान एक जण सांभाळत असतो. दुसरा त्या इंजिनाच्या मास्टर स्विचवर हात ठेवतो, पण स्विच बंद करत नाही. कोणतं इंजिन ते मोठ्याने बोलतो आणि थांबतो. पहिला स्वतः डोळ्यांनी बघून ‘कन्फर्म’ म्हणतो, मगच स्विच बंद होतो. घाईत चालू इंजिन बंद पडू नये म्हणून ही शिस्त. सिव्हिलमधून आलेल्या पोरांच्या ती अंगात भिनलेली असते. एकट्याने निर्णय घ्यायची सवय असलेल्याला मात्र ते दोन सेकंद थांबणं फार जड जातं. उलट, ऑटोपायलट काढून आडव्या वाऱ्यात हाताने उतरवायचं म्हटलं की आम्हा एअर फोर्सवाल्यांचे खांदे सैल असतात.

जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला हडसन नदीत १५५ जणांसह विमान उतरवलं गेलं आणि सगळे वाचले. कॅप्टन सलनबर्गर अमेरिकी हवाई दलात फँटम हे फायटर विमान चालवलेले. को-पायलट स्काइल्स सिव्हिलमधून आलेले, १६ व्या वर्षी विमान शिकलेले. पक्षी आदळले तेव्हा विमान स्काइल्स यांच्या हातात होतं. कॅप्टननी ते आपल्याकडे घेतलं आणि स्काइल्स लगेच इंजिन पुन्हा सुरू करायच्या चेकलिस्टला लागले. सहवैमानिकाचं काम किती मोलाचं असतं, ते तिथे दिसतं.

आता तुमच्या मुलीबद्दल. एनडीएची दारं मुलींना २०२२ पासून उघडली आहेत, तेव्हा ती जरूर जाऊ शकते. पण एअरलाइनची शिडी म्हणून पाठवू नका, हे मी कळकळीने सांगतो. खडकवासल्यात तीन वर्षं, पुढे हैदराबादजवळ दुंडिगलची एअर फोर्सची अकादमी. त्यानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर, हे तिची कामगिरी आणि दलाची गरज बघून ठरतं. हेलिकॉप्टर मिळालं तर ते तास एअरलाइनच्या फारसे उपयोगी नाहीत. मनात आलं म्हणून नोकरी सोडता येत नाही, आणि पेन्शनला २० वर्षं सेवा लागते. म्हणजे ती चाळिशीत बाहेर पडेल. तोवर एकविसाव्या वर्षी सीपीएल केलेली तिची मैत्रीण दहा हजारांवर तास उडवून कॅप्टन झालेली असेल, कारण एअरलाइनमध्ये वर्षाला कमाल १००० तासांपर्यंत उडता येतं. फायटरवाल्याचं उड्डाण बरेचदा तासाभराचंच असतं. तो देशासाठी उडतो, तासांसाठी नाही. वर्दीची ओढ असेल तर वर्दीतल्यासारखं आयुष्य नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तिला नेमकं काय हवंय, ते तुम्ही आणि मेहुण्यांनी ठरवू नका. तिलाच विचारा.

शेडचं म्हणाल तर हात जोडून सांगतो, आत्ता गहाण टाकू नका. सीपीएलला पन्नास लाखांच्या पुढे जातात, टाइप रेटिंगचे बहुधा वेगळे. आणि लायसन्स हातात आलं म्हणजे नोकरी आली असं नाही; लायसन्स घेऊन वाट बघणारी मुलं आहेत. बारावीपर्यंत फिजिक्स-मॅथ्स पक्कं होऊ द्या. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स हे सीपीएलचे लेखी पेपर घरी अभ्यास करून कमी खर्चात देता येतात. ते निघाले तर तिची चिकाटी तुम्हालाही कळेल, तिलाही. नंतर बारामतीसारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये स्वतः जाऊन बघा : किती विमानं खरोखर उडतायत, किती नुसती उभी आहेत, आधीच्या मुलांचे २०० तास व्हायला किती महिने लागले. फी टप्प्याटप्प्याने घेतील तिथेच भरा.

प्रश्न : मी बारावीला आहे. दोन्ही डोळ्यांना उणे दीडचा चष्मा आहे. माझं पायलट होणं संपलं का?
– एक विद्यार्थी, पंढरपूर

उत्तर : नाही रे बाळा. एनडीएतून एअर फोर्सच्या फ्लाइंग ब्रँचला उणे नंबर चालत नाही, तो रस्ता तुझ्यासाठी बंद आहे. सिव्हिलमध्ये चष्मा लावून नीट दिसलं की चालतं. उडताना जास्तीचा एक चष्मा जवळ ठेवावा लागतो, एवढंच. खरी अडचण रंग न ओळखता येण्याची असते, आणि ते पुष्कळांना आधी माहीतच नसतं. कुठेही पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे क्लास टू मेडिकल करून घे, आणि रंगांची तपासणी पहिली करायला सांग.