विज्ञानात आणि वैद्यकात फोटोसाठी फ्लॅशच का वापरतात? भरपूर दिवे लावून भागत नाही का?

स्थिर वस्तूसाठी भागतं. पण वेग आला की क्षण शटर नाही, फ्लॅश पकडतो. खोली अंधारी करायची, शटर उघडं ठेवायचं आणि ऐन वेळी फ्लॅश उडवायचा. तेवढाच क्षण उमटतो. सेकंदाला ८०० मीटर वेगाने जाणारी गोळी एका मायक्रोसेकंदात ०.८ मिलिमीटर सरकते, म्हणून फ्लॅशही तितकाच छोटा लागतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी हे तंत्र कळसाला नेलं. सफरचंद भेदून गेलेल्या गोळीचा त्यांचा १९६४ चा फोटो जरूर बघा: दोन्ही बाजूंनी गर उसळलाय, सफरचंद मात्र अजून जागच्या जागी आहे. पाण्याच्या थेंबाचे फोटो साध्या फ्लॅशनेही जमतात. फक्त पॉवर अगदी कमी ठेवा. पॉवर उतरली की लखलखाटाचा काळही आखडतो. बरेच जण नेमकं उलट करतात.

वैद्यकात अडचण वेगापेक्षा जागेची. दाढेपर्यंत उजेड पोहोचवायला लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश बरा पडतो. ओल्या दातांवरच्या चकाकीने डाग झाकले जातात. फ्लॅशवर एक पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर) आणि लेन्सवर त्याच्याशी काटकोनात दुसरा लावला की ती जाते.

डोळ्याच्या पडद्याच्या अँजिओग्राफीत, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढताना, शिरेतून फ्लुरेसिन हा चमकणारा रंग देतात, निळा फ्लॅश मारतात आणि फिल्टरमधून फक्त त्याची हिरवट-पिवळी चमक टिपतात. गळणारी रक्तवाहिनी त्यात स्पष्ट दिसते.