विकिपीडियावरच्या वादात समोरचा आपल्या देशावर घसरला तर काय करावं?

तुम्ही विचारलंय की, संदर्भ देऊन केलेला बदल कुणीतरी उलटवला आणि चर्चापानावर कारण दिलं, "तुमच्या देशातले संपादक हेच करतात." असं नेहमी होतं का, आणि यावर उत्तर काय द्यायचं?

नेहमी होतं. इंग्रजी विकिपीडियावर इतिहासाचे लेख संपादित करताना मी हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता त्यात फक्त देशाचं नाव बदलतं. आणि भांडण पेटतं कशावरून, तर बहुधा लेखाच्या पहिल्या ओळीतल्या एका विशेषणावरून. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस पोलिश की जर्मन? जन्म १४७३ चा, तोरून शहरातला. शहर पोलंडच्या राजाच्या अमलाखाली, तिथे जर्मन बोलणारे बरेच, आणि याने ग्रंथ लिहिला लॅटिनमध्ये. त्याला स्वतःला हा प्रश्न कितपत कळला असता, शंकाच आहे. पण पाचशे वर्षांनी जन्मलेली माणसं त्याच्या वतीने हमरीतुमरीवर येतात. वीजक्षेत्रातला संशोधक निकोला टेस्ला, त्याचंही तेच. आईवडील सर्ब, १८५६ चा जन्म तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात, ते गाव आज क्रोएशियात, आणि पुढे हा अमेरिकेचा नागरिक. प्रत्येकाच्या हातात एकेक खरा पुरावा, त्यामुळे कुणीच मागे हटत नाही.

देशाभिमान मला फारसा खटकत नाही. तो नसता तर रात्र रात्र जागून फुकटात कोण लिहिणार? खटकतं ते माणसाचा देश बघून त्याच्या संदर्भाची किंमत ठरवणं. शिवाय तो देश तरी ठरवतात कशावरून? सदस्यनाव, इंग्रजीची धाटणी, फार तर अंकपत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. सगळा अंदाजपंचे कारभार.

मीही यातून सुटलेलो नाही. असाच आरोप माझ्यावर झाला, तेव्हा तो खोडून काढायला मी तावातावाने स्वतःचंच योगदान पान, म्हणजे आपण केलेल्या सगळ्या बदलांची यादी, उघडलं. तिथे काही लपत नाही. एका देशाच्या बाजूची वाक्यं मी 'संदर्भ हवा' अशी खूण लावून दोन दिवसांत उडवली होती. ज्या बाजूबद्दल मला आपुलकी, तिथली तितकीच बिनसंदर्भ वाक्यं मात्र शुद्धलेखन सुधारून तशीच ठेवली होती. खोटं असं मी एकही वाक्य लिहिलेलं नव्हतं!

काही वाद मिटले, पण ते खरा मालक शोधून मिटलेले नाहीत. आज पोलंडमध्ये असलेल्या एका शहराला जर्मन नावाने डान्झिग म्हणायचं की पोलिश नावाने ग्दान्स्क, यावर २००५ मध्ये मतदान झालं. १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. रुक्ष तोडगा आहे, पण शहर कुणाचं हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. जपानी लोक ज्यांना ताकेशिमा म्हणतात आणि कोरियन लोक दोक्दो, त्या खडकांच्या लेखाला तर १८४९ साली तिथे पोचलेल्या लियांकूर या फ्रेंच जहाजाचं नाव आहे.

पलीकडचा माणूस चर्चेत नसलाच तर काय होतं, ते क्रोएशियन विकिपीडियात दिसलं. प्रचालकांच्या, म्हणजे सदस्यांना रोखण्याचे अधिकार असलेल्या संपादकांच्या, एका गटाने मतभेद असणाऱ्यांना वर्षानुवर्षं हुसकावून लावलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा या क्रोएशियन फॅसिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य करून मांडले गेले. यावर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने करून घेतलेला अहवाल २०२१ मध्ये आला. म्हणून तुमच्याशी भांडणारा तो गृहस्थ कितीही कटकट्या असला तरी तो तिथे असलेला बरा.

आता तुमचं. "तुम्ही तरी कुठले?" असं उलट विचारू नका. राष्ट्रीयत्वावरून एखाद्याचं मत मोडीत काढणं हा वैयक्तिक हल्ला धरला जातो, तसं धोरण आहे. एकदा त्याचा दुवा द्या आणि लेखावर बोला. चोवीस तासांत एकाच लेखात तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्यांचे बदल उलटवलेत तर तुमचं बरोबर असूनही बंदी तुमच्यावरच येऊ शकते. विषय इस्रायल-पॅलेस्टाईनसारखा असेल तर तुमची ५०० संपादनं आणि खात्याचे ३० दिवस पूर्ण होईपर्यंत लेखाला हातच लावता येत नाही, तोवर दुसरीकडे काम करा.

आणि समोरच्याकडे त्याच्या भाषेतला संदर्भ मागा. पुस्तक, पान क्रमांक, मूळ उतारा, भाषांतर, सगळं. बरेच जण इथेच गळतात. मला एकाने असा उतारा खरंच दिला. लिपी मला अनोळखी, पण तहाचं साल आकड्यांत होतं, आणि मी लेखात घातलेलं साल चुकीचं निघालं. मी ते दुरुस्त केलं, त्याने आभाराचं बटण दाबलं. त्याआधी त्याने माझ्या देशाचा केलेला उद्धार आणि मी त्याच्या देशाचा केलेला, दोन्ही चर्चापानाच्या इतिहासात अजून आहेत.