वाचक विचारतात: पाणक्या धावपटू

प्रश्न : पहिल्या ऑलिम्पिक मॅरेथॉनचा विजेता पाणी वाहायचा, हे खरं का? पुढे त्याचं काय झालं? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : खरं आहे. स्पिरिडॉन लुईस, अथेन्सजवळच्या मारूसीचा. १० एप्रिल १८९६ ला तो साधारण ४० किलोमीटर धावला, २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत. म्हणजे आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकेश्वर गाठायचं आणि वर दहा-बारा किलोमीटर माघारी यायचं! वाटेत त्याने पेलाभर वाइन घेतली असं सांगतात. (नाशिककरांनी लगेच अनुमान काढू नये.) पुढे असलेला ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक, ८०० आणि १५०० मीटरचा विजेता, शेवटच्या टप्प्यात कोसळला.

मी गोल्फ क्लब मैदानावर पोरांना पळवतो, तेव्हा हेच सांगतो: आधी हळू. ऐकत कुणी नाही, चौथ्या फेरीला कंबर धरून उभे!

ग्रीसच्या राजाने बक्षीस विचारलं तर लुईसने म्हणे पाण्यासाठी गाढवाची गाडी मागितली. पुन्हा स्पर्धेत उतरलाच नाही. शेती केली, पोलिसात राहिला. १९२६ मध्ये बनावट कागदपत्रांच्या आरोपाखाली वर्षभराहून अधिक तुरुंगात होता, मग निर्दोष सुटला. १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकला पाहुणा म्हणून गेला, १९४० मध्ये वारला.