मागचे ड्रम ब्रेक : जुन्या गाड्यांच्या मालकांचे प्रश्न

जुन्या मोटारी हौसेने सांभाळणाऱ्यांच्या पत्रांत मागच्या ब्रेकचा विषय सतत येतो, आणि गाडी कोणतीही असली तरी गोंधळ तेच असतात. पुढचे ब्रेक नीट लागले की मालकाचं समाधान होतं. मागचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा तो पोकळ गोल डबा ज्याच्या आतून ब्रेक लागतो, वर्षानुवर्षं उघडलाच जात नाही, मग आत काय झालं असेल याचा अंदाज आवाजावरून नाहीतर ऐकीव गोष्टींवरून बांधला जातो. म्हणून वारंवार येणारे काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल आणि ब्रेकचं काम नेहमी करणारा मेकॅनिक या दोघांची जागा माझी उत्तरं घेऊ शकत नाहीत, एवढं मात्र आधीच सांगतो.

प्रश्न : हँडब्रेक फार वर ओढावा लागत होता, म्हणून केबल आवळून घेतली. आता थोडं अंतर चाललं की मागची चाकं गरम होतात. असं का?

कारण केबल आवळून शूची झीज भरून काढायची नसते. शू म्हणजे ड्रमच्या आतले, ब्रेक लावला की ड्रमला टेकणारे अर्धगोल भाग, आणि त्यांच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनिंग. शू झिजले की ड्रम आणि लायनिंग यांच्यातलं अंतर वाढतं आणि ते अ‍ॅडजस्टरने, म्हणजे शू जवळ-लांब करणाऱ्या भागाने, कमी करावं लागतं. तुम्ही केबल ताणलीत, त्यामुळे शू पूर्ण मागे येतच नाहीत, ड्रमला घासत राहतात. आपोआप जुळणारा अ‍ॅडजस्टर असेल तर तोही अशाने काम करेनासा होतो.

क्रम असा ठेवा. आधी केबल पूर्ण सैल करा. मग चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत अ‍ॅडजस्टर आवळा, पेडल दोन-तीनदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यावर बसतील, आणि चाक मोकळं फिरेपर्यंत अ‍ॅडजस्टर मागे घ्या. अगदी हलकं घासल्याचा आवाज राहिला तर चालतो. दोन्ही चाकं अशी झाल्यावर शेवटी केबल. एवढं करूनही चाक तापत असेल तर ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असू शकतो. पेडल दाबलं की त्यातून दाब पुढे जातो, पण परत येत नाही. बाहेरून होज धडधाकट दिसतो, म्हणून तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्या. तोवर गाडी बाहेर काढू नका.

प्रश्न : एकाच बाजूचे शू झिजलेत. तेवढेच बदलले तर?

नाही. दोन्ही बाजूंचे, एकाच प्रतीचे, एकाच वेळी. आणि एकच बाजू का झिजली, हे नवे शू लावण्याआधी शोधून काढा.

प्रश्न : ड्रम निघतच नाही. हातोडा चालेल का?

कडेवर घाव घालू नका. ड्रम बिडाचा असतो, त्याला तडा जातो. बहुतेक वेळा ड्रमच्या आतल्या कडेला झिजून जी धार उरते तिच्यात शू अडकलेले असतात. तेव्हा हँडब्रेक मोकळा करा आणि अ‍ॅडजस्टर पूर्ण मागे घ्या. कित्येक ड्रमना आट्याची दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट सारखे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. तुमच्या गाडीचा अ‍ॅक्सल निमुळता असेल आणि ड्रम-हब एकत्र असेल, तर तो ओढून काढणारा खास पुलर लागतो आणि हबचा नट काही आट्यांवर तसाच ठेवावा लागतो, कारण हब सुटतो तो धाडकन. असं काम पूर्वी केलं नसेल तर घरी करू नका. आणि कोणत्याही परिस्थितीत नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीच्या बाजूला बसू नका. खाली भक्कम स्टँड हवेत.

प्रश्न : व्हील सिलिंडरला थोडा ओलावा आहे. "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" असं गॅरेजमध्ये सांगितलं. थांबावं का?

थांबू नका. व्हील सिलिंडर म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा भाग. त्याच्या टोकाची रबरी टोपी बोथट काडीने जरा उचलून पाहा. आत नुसता दमटपणा असेल तर एक वेळ लक्ष ठेवता येईल. थेंब ओघळला किंवा शूच्या मागच्या पत्र्यावर (बॅक प्लेटवर) खाली उतरलेला चकचकीत ओघळ दिसला, तर आतला कप, म्हणजे ऑइल अडवणारं रबरी सील, गेला आहे. जुन्या गाड्यांपैकी पुष्कळशांना एकच ब्रेक सर्किट आहे, म्हणजे चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग. अशा गाडीत मागचा एक कप फाटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत तो कप टिकेल याची हमी कुणीही देऊ शकत नाही.

सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर किट टाकून उपयोग नाही, ते खड्डे नवा कपही खातील. सिलिंडर बदला किंवा त्याला स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. दोन्ही बाजूंना हेच करा. शिवाय गळतंय ते ब्रेक ऑइलच आहे ना, याची खात्री करा. उग्र, गंधकासारखा वास येणारं जाड तेल असेल तर ते डिफरन्शिअलमधून, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या पेटीतून, अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलवाटे येत आहे. तसं असेल तर सील बदलण्याबरोबर अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) चोंदला आहे का तेही पाहायला सांगा. ब्रीदर बंद असेल तर आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

प्रश्न : लायनिंगवर तेल उतरलं आहे. पेट्रोलने धुऊन किंवा ज्योतीवर भाजून ते पुन्हा वापरता येतं असं ऐकलं.

मीही हे अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. ते चूक आहे. लायनिंग सच्छिद्र असतं. वरून कोरडं केलं तरी पहिल्या मोठ्या उतारावर तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं. भाजल्याने शूला लायनिंग चिकटवणारा थर कमकुवत होतो, आणि ब्रेक क्लीनर मारलेला भाग ज्योतीवर धरणं तर जिवावर बेतू शकतं : क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की त्यातून विषारी वायू निघतो. तेल लागलेलं लायनिंग दर वेळी घसरतंच असं नाही, पुष्कळदा ते उलट पकडून बसतं. मागचं चाक पुढच्याआधी जाम झालं की गाडी गर्रकन फिरते. शू बदला.

प्रश्न : ड्रम उघडला की आत करडी पूड भरलेली असते. ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवली तर चालेल ना? आणि एका विक्रेत्याकडे माझ्या गाडीचे मूळ कंपनीचे, सीलबंद पेटीतले जुने शू आहेत. "असली माल, आता मिळत नाही" म्हणतो. घेऊन ठेवू का?

दोन्हींचं उत्तर "नाही" असंच आहे. पण या प्रश्नावर सविस्तर लिहिलंच पाहिजे.

ज्या काळात या गाड्या बनल्या त्या काळी ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस हा नेहमीचा घटक होता. उष्णता सहन करणारा आणि स्वस्त, म्हणून सर्रास वापरला गेला. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून फुप्फुसात खोल जातात आणि तिथेच राहतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार मानवात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहेत. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग श्वासात तंतू गेल्यानंतर अनेकदा २० ते ४० वर्षांनी दिसून येतो. "आमच्या वडिलांनी जन्मभर हवा मारून ड्रम साफ केले, त्यांना काही झालं नाही" या युक्तिवादाला म्हणूनच काही अर्थ नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर जवळपास पूर्ण बंदी घातली, पण तुमच्या ड्रममधली पूड त्याआधीची असू शकते.

ब्रेकच्या उष्णतेने पुडीतले बरेचसे तंतू जळून बदलतात, हे खरं आहे. काही जण हेच पुढे करून निर्धास्त होतात. बरेचसे बदलतात, सगळे नाहीत. आणि लायनिंग घासणं, कानशीने कड मारणं, ड्रमच्या गोलाईला जुळवण्यासाठी ते ग्राइंड करणं यांत तर न जळलेले, ताजे तंतू उडतात. हवेच्या एका फवाऱ्याने हे सगळं खोलीभर पसरतं, कपड्यांवर बसतं आणि घरात जातं. मुलं त्याच कपड्यांना येऊन बिलगतात. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही वापरू नका, त्याच्या पिशवीतून बारीक तंतू आरपार जातात. कापडी किंवा साध्या सर्जिकल मास्कनेही ते अडत नाहीत.

ड्रमखाली ट्रे ठेवा. साबणाचं पाणी हलक्या फवाऱ्याने मारून सगळं भिजवा, कडांमधून आतही सोडा. ओल्या फडक्याने पुसा, फडकं ओलं असतानाच दुहेरी पिशवीत घालून बंद करा आणि तुमच्याकडे घातक कचऱ्याचे जे नियम असतील त्यांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावा. तोंडावर पी-३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर हवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. या कामाची बंदिस्त व्यवस्था असलेलं गॅरेज मिळालं तर त्यांनाच करू द्या. वर्षानुवर्षं हवा मारत आला असाल तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. धूम्रपान करत असाल तर नक्कीच, कारण धूम्रपान आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आता त्या सीलबंद पेटीबद्दल. पेटी जितकी जुनी तितकी अ‍ॅस्बेस्टॉसची शक्यता जास्त, आणि विक्रेता नेमका तोच जुनेपणा तुम्हाला महाग विकतो आहे. रंगावरून किंवा वासावरून अ‍ॅस्बेस्टॉस ओळखू येतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं. पेटीत जुने रबरी कप असतील तर तेही न वापरता कडक झालेले असतात. गाडीचं मूळपण जपायची तुमची इच्छा मला पूर्ण समजते. त्यासाठी गाडीतले मूळ शू, म्हणजे लोखंडी भाग, जपा आणि त्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित नवं लायनिंग बसवून घ्या. काम करणाऱ्याकडून लायनिंगचा प्रकार लेखी घ्या.

प्रश्न : डॉट ५ हे डॉट ४ पेक्षा वरचं आहे, असं विक्रेता म्हणतो. भरू का?

डॉट हा ब्रेक ऑइलचा प्रकार सांगणारा आकडा. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं इथे नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलची आहेत; डॉट ५ सिलिकॉनचं आहे आणि ते बाकीच्यांत मिसळायचं नसतं. ते रंग खराब करत नाही हे खरं. पण ते पाणी शोषत नाही, म्हणून आत शिरलेलं पाणी सर्वांत खालच्या जागी साचतं आणि तिथे गंज धरतो. सगळी यंत्रणा खोलून, सगळे रबर बदलूनच ते वापरावं. बहुतेकांना चांगलं डॉट ४ पुरतं. ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ३.७ टक्के पाणी शोषलं की ती मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला. गाडी चालली नसली तरी.

प्रश्न : ड्रम किती वेळा लेथला लावता येतो?

लेथवर ड्रम आतून तासला की त्याचा व्यास वाढतो. म्हणून किती वेळा हा प्रश्नच नाही, आतला व्यास किती झाला ते मोजा. कमाल व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो, नसेल तर मॅन्युअलमध्ये पाहा. चार-पाच ठिकाणी मोजा. आकडे वेगळे आले तर ड्रम ओव्हल झाला आहे. तडे दिसले तर व्यास पाहण्याचीही गरज नाही, ड्रम बदला. कमाल व्यासाच्या जवळ गेलेल्या ड्रममध्ये नवे शू फक्त मध्यावर टेकतात, तेव्हा लेथवाल्याचा सल्ला शू मागवण्याआधी घ्या.

प्रश्न : गाडी चार-पाच महिने उभी राहणार आहे. हँडब्रेक लावून ठेवू ना?

नका लावू. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा, नाहीतर गंजलेल्या ड्रमला लायनिंग चिकटतं. आधीच चिकटलं असेल तर इंजिनाच्या जोराने ओढून सोडवू नका. लायनिंग शूपासून सुटून ड्रममध्ये अडकेल. ड्रम काढवून घ्या.