चेहरा सगळ्यात शेवटी

प्रिय,

वॉर्डावॉर्डात औषधं पोचवणाऱ्या तुझ्या रोबोची रेखाटनं मिळाली. हात चांगला बसलाय, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण प्रत्येक कागदावर तीच बाई आहे: पांढरीशुभ्र, कमरेत बारीक, निळ्या डोळ्यांची, ओठांवर न मावळणारं हसू. तुला वाटतंय ती तुला सुचली. ती फार जुनी आहे.

'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या १८व्या सर्गात लंगडणाऱ्या हेफेस्टस देवाला आधार द्यायला सोन्याच्या दासी येतात. त्यांना बुद्धी आहे, वाचा आहे, आणि काम काय, तर मालकाला सावरणं. १२०६ साली यंत्रकार अल-जझरीने आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकिरच्या दरबारात यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला, त्यातही पेला घेऊन येणारी यांत्रिक दासी आहेच. १९२७च्या 'मेट्रोपोलिस' चित्रपटातला यंत्रमानव पुन्हा बाई. शिल्पकार वॉल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फने अभिनेत्रीच्या अंगाचा साचा घेऊन तिचं कवच घडवलं. पडद्यावर लखलखीत धातू दिसतो तो प्रत्यक्षात लाकडाच्या भुश्याचा मसाला, वरून चंदेरी रंग मारलेला. ज्या काळाला ज्यांच्याकडून सेवा करून घ्यायची सवय, त्यांचंच रूप यंत्राला मिळत आलंय. हे एकदा दिसायला लागलं की मॉलमधल्या स्वागत-रोबोपासून फोनमधल्या गोड आवाजापर्यंत सगळीकडे दिसतं. (मला तर आता त्याचा वैताग येतो.)

'रुग्णांना आपुलकी वाटावी म्हणून' असं तू कोपऱ्यात लिहिलंयस. वाटेल की. पहिल्या दिवशी नक्की वाटेल. मग खाटेवरची एखादी आजी तिला म्हणेल, "बाई गं, एवढी उशी जरा वर सरकव." आणि तुझी बाई हसत हसत पुढच्या खाटेकडे निघून जाईल. चेहरा देणं म्हणजे शब्द देणं. तुझ्या यंत्राला औषधाचा ट्रे नेता येतो. चेहऱ्याने मात्र ऐकण्याचा, समजून घेण्याचा, उशी सरकवण्याचा शब्द देऊन टाकलाय.

जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरींचा १९७०चा लेख तुमच्या वर्गात शिकवला असेलच. यंत्र माणसासारखं होत जातं तशी त्याच्याबद्दलची ओढ वाढते आणि हुबेहूबपणाच्या जरा अलीकडे ती धाडकन कोसळते, ही ती 'अनकॅनी व्हॅली', अस्वस्थ करणारी दरी. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं आहे: दिसायला खरा, हातात घेतला तर गार आणि निर्जीव. हा आलेख सगळ्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये असतो. पण त्यांनी डिझायनरांना दिलेला सल्ला कुणी सांगत नाही. दरीपलीकडच्या शिखराच्या मागे लागू नका, अलीकडच्या शिखरावरच थांबा, असं ते म्हणाले होते. त्याच लेखात त्यांनी बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यातल्या बाहुल्यांचं कौतुक केलंय. जवळून पाहिल्या तर त्या माणसासारख्या नसतात. प्रेक्षागृहात बसलं की हाताच्या आणि मानेच्या हालचालींनी माणूस त्यांच्यात गुंतून जातो.

हालचाल म्हणजे नेमकं काय, ते दोन यंत्रांत बघ.

पहिली जपानची चहा नेणारी बाहुली. होसोकावा हान्झोच्या १७९६च्या 'काराकुरी झुई' या पुस्तकात तिची रचना उघड करून मांडलीय. आत लाकडी दातेरी चाकं, आणि स्प्रिंग धातूची नाही, देवमाशाच्या तोंडातल्या चिवट पट्टीची. यजमानाने तिच्या हातातल्या तबकावर पेला ठेवला की त्या वजनाने हात किंचित खाली जातात, अडसर सुटतो आणि ती पाहुण्याकडे निघते. चालवणारी चाकं झग्याखाली असतात, तरी झग्याच्या काठाशी पावलं वरखाली होत राहतात. पाहुण्याने पेला उचलला की ती थांबते. चहा पिऊन होईपर्यंत उभी राहते. रिकामा पेला परत ठेवला की वळून जाते. तिच्या चेहऱ्यावर काहीही बदलत नाही. तरी ती अदबशीर वाटते, कारण तिचं थांबणं पाहुण्याच्या हातात आहे. चहा पोचवायचा एवढाच तिचा शब्द, आणि तो ती पाळते.

दुसरी स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलच्या संग्रहालयातली वादक. झाके-द्रोंच्या कारखान्यात १७६८ ते १७७४च्या दरम्यान घडलेल्या तीन बाहुल्यांपैकी ती एक. हीसुद्धा बाईच, हो, पण कुणाची सेवा करायला उभी केलेली नाही. तिच्यासमोरचं ऑर्गनसारखं वाद्य खरोखर तिच्याच बोटांनी वाजतं. वाजवताना छाती श्वासाने हलते, नजर बोटांमागे फिरते. त्याच तिघांपैकी शेजारचा लिहिणारा बाहुला सुमारे ६,००० सुट्या भागांचा. टाक दौतीत बुडवला की तो जादा शाई झटकतो आणि लिहिताना अक्षराकडेच बघतो. नजर कामावर असणं, एवढ्या एका गोष्टीने लाकूड-पितळेत जीव आल्यासारखा वाटतो. तुझी बाई समोर बघून हसते. तिची नजर औषधाच्या ट्रेवर का नाही?

उलट उदाहरणंही हवीतच. फ्रेंच कारागीर व्होकांसोंच्या यांत्रिक बदकाने १७३९मध्ये पॅरिसला वेड लावलं, कारण ते दाणे खाई आणि विष्ठाही टाकी. पुढे उघड झालं की विष्ठा आधीच भरून ठेवलेली असे. केम्पेलेनचा पगडीवाला यांत्रिक बुद्धिबळपटू १७७०चा, त्याच्या पेटीत चक्क माणूस लपलेला असायचा. कारागिरी दोन्हींची अप्रतिम. पण दोघांनी दिलेला शब्द खोटा होता.

आणि हुबेहूबपणाशिवायही परिणाम किती होतो ते टिपूच्या वाघात दिसतं. १७९९मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत तो इंग्रजांच्या हाती लागला, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. लाकडी, भडक रंगवलेला, खऱ्या वाघाशी फारसं साम्य नाही. पण दांडा फिरवला की खालच्या गोऱ्या शिपायाचा हात वरखाली होतो, त्याचा आक्रोश आणि वाघाची गुरगुर दोन्ही भात्यातून निघतात. काय सांगायचंय याबद्दल शंका राहत नाही.

आजच्यांपैकी 'पारो'वर, सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारख्या रोबोवर, वेळ घालव. ताकानोरी शिबाता यांनी वृद्धांसाठी रोबो करताना मांजर बाजूला ठेवलं. मांजर सगळ्यांनी पाळलेलं असतं, लगेच तुलना होते. सीलचं पिल्लू मांडीवर कुणी घेतलेलं नसतं, त्यामुळे 'हे खऱ्यासारखं नाही' असं म्हणायला कुणापाशी आधारच नसतो. केवढा साधा विचार!

लंडन-नूशातेल परवडायचं नाही, पण कुडाळजवळचं पिंगुळी परवडेल. ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या बघून ये. चेहरा लाकडात एकदाच कोरलेला, बाकी सगळं दोऱ्यांवर. स्केचबुक बॅगेतच राहू दे. कुठला दोरा ओढला की बाहुली रागावल्यासारखी दिसते, तेवढं बघ.

पुढच्या वेळी मला चित्र पाठवू नकोस. ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा खोका ठेव, डोळे काढू नकोस, आणि मित्राला आडून ढकलायला सांग. नर्सने औषध उचललं की खोका काय करतो, ती फोनवर बोलत असेल तर किती अंतरावर थांबतो, रात्री झोपलेल्या रुग्णाजवळून कसा जातो, याचे व्हिडिओ पाठव. कमरेचं आणि डोळ्यांच्या रंगाचं त्यानंतर बोलू, गरज उरली तर.

तुझे सर